झांझिबारचं डायव्हिंग आणि किनाऱ्यावरच्या बायांची मजुरी

तापीकाठची (जळगाव)

आपल्या जळगाव-भुसावळकडच्या मंडळींचा एक ग्रुप जानेवारीत टांझानियातल्या झांझिबार बेटांवर डायव्हिंगला चाललाय. मी जाऊन आलेय म्हणून रोज विचारणा होतेय: हॉटेल कोणतं, खर्च किती, शाकाहारी मिळतं का. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा हा धागा काढते. निम्मं लिखाण पाण्याच्या आतलं आहे, निम्मं किनाऱ्यावरचं. दुसरा भाग वाचल्याशिवाय पूर्ण पॅकेजचे पैसे भरू नका, एवढी विनंती.

आधी पाण्याचं. बहुतेक बोटी ईशान्येच्या म्नेम्बा प्रवाळ कड्यावर नेतात. नुंग्वी, केंड्वा किंवा मातेम्वे या गावांतून निघतात. हिरवी समुद्री कासवं दिसण्याची शक्यता चांगली, प्रवाळ काही ठिकाणी सुरेख आणि काही ठिकाणी मेलेला, पांढरा-करडा. पहिल्यांदाच जाणाऱ्याला प्रशिक्षकासोबत 12 मीटरपर्यंत नेतात. ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला, कोर्स केला तर 18 मीटरपर्यंत जाता येतं. त्यासाठी पोहता यायला हवं, म्हणून आत्तापासून तलावावर जायला लागा. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, तेव्हा जाऊ नका. दक्षिणेला किझिमकाझीला डॉल्फिन दाखवायला नेतात. एका कळपामागे बऱ्याच बोटी लागतात, माणसं थेट त्यांच्या अंगावर उड्या मारतात. मला ते पाहवलं नाही. तो कार्यक्रम वगळलात तर काहीही बिघडणार नाही.

आता किनारा. आमचा मुक्काम पूर्वेला, पाजे गावात होता. तिथे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी लागली की समुद्र फार लांब मागे सरतो, आणि त्या उघड्या पडलेल्या वाळूत बाया कामाला येतात. समुद्री शेवाळाची शेती. तिथे म्वानी म्हणतात. वाळूत खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या ताणायच्या, दोरीला शेवाळाचे तुकडे बांधायचे. साधारण दीड महिन्यात पीक तयार. मग ओलं ओझं किनाऱ्यावर आणायचं, वाळवायचं, व्यापाऱ्याला द्यायचं. सात-आठ किलो ओलं वाळून एक किलो राहतं. मी ज्यांच्याशी बोलले त्यांना त्या किलोला हजार शिलिंगच्या आतबाहेर मिळत होते, म्हणजे आपले तीस-पस्तीस रुपये. या शेवाळातून कॅराजिनन काढतात. टूथपेस्ट, आइस्क्रीम, सौंदर्यप्रसाधनं यांत घट्टपणासाठी ते वापरलं जातं.

ही शेती तिथे 1989 च्या सुमारास पाजे आणि जांबियानी या गावांकडून सुरू झाली. बियाणं फिलिपिन्सचं. करणाऱ्यांत बहुतेक बायाच. स्वतःच्या हातात पैसा येण्याचा कित्येकींचा तो पहिलाच मार्ग होता. शेवाळाचे दोन प्रकार लावतात. स्पायनोसम स्वस्त, कॉटोनी महाग. पण उथळ पाणी तापू लागलं आणि कॉटोनी पांढरं पडून तुटायला लागलं. खोल, गार पाण्यात ते अजून येतं, पण या बायांपैकी पुष्कळजणींना पोहता येत नाही. मी पैसे भरून त्याच समुद्रात खाली जायला शिकत होते, आणि ज्यांचं पोट त्या समुद्रावर आहे त्यांना छातीच्या वर पाणी गेलं की मागे फिरावं लागत होतं. हे डोक्यातून जात नाही.

त्यात हॉटेलांचा पसारा. किनारा पर्यटकांना मोकळा हवा, पोहताना दोऱ्या-खुंट्या पायात येतात, पतंग लावून लाटांवर सरकणाऱ्यांनाही त्याची अडचण. त्यामुळे शेवाळाच्या जागा आक्रसत चालल्यात. हॉटेलमध्ये पाणी चोवीस तास, आणि मागच्याच वस्तीत बाया डबे घेऊन नळावर उभ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या सुट्टीतला पैसा कुणाच्या हातात पडतो हे तुम्हाला ठरवता येतं, आणि ते निघण्यापूर्वी ठरवावं लागतं. मुंबईत सगळं पॅकेज आगाऊ भरून गेलात तर गावात तुमच्याकडून टिप आणि नारळपाण्याचे पैसे तेवढे राहतात.

भुसावळ_जंक्शन

ताई, माहिती उत्तम. पण एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माणूस वर्षानुवर्षं पैसे साठवतो, एकदाच समुद्र बघायला जातो. त्यालाही जर मनावर ओझं घेऊनच जायचं असेल तर सुट्टी कशाला? गरिबी बघायला विमानाचं तिकीट लागत नाही. रावेरच्या पुढे पालकडे जा, चोपड्याच्या वर सातपुड्यात जा. आणि पर्यटक गेलेच नाहीत तर त्या गावांचं भलं होणार आहे का? मला तरी नोकऱ्या जातील असंच दिसतं.

तापीकाठची (जळगाव)

दादा, जाऊ नका असं मी कुठेच म्हटलेलं नाही. जा, मनापासून पोहा. ओझं वाटून घेऊन कुणाचं पोट भरत नाही. मी व्यवहाराचं बोलतेय. जो खर्च करणारच आहात, तो कुणाकडे करायचा ते बघा.

केळीबाग (रावेर)

ताई, तुमचं ते किलोमागे तीस रुपये वाचलं आणि थांबलो. आम्ही केळीवाले रोज सकाळी बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला ते बघतो. बाग आमची, पाणी आमचं, मजूर आम्ही लावायचे, आणि भाव दुसरीकडे. वर गाडी भरायला आलेला माणूस माल बघून आणखी खाली मागतो. केळी झाडावर थांबत नाही, म्हणून द्यावी लागते.

म्हणून विचारतो: तिथे भाव कोण ठरवतं? आणि त्या बाया वाळवून विकण्याच्या पुढे काही करतात का? आपल्याकडे केळीचे वेफर्स, पावडर करणारे बचतगट निघाले, त्यातून थोडा का होईना फरक पडला. कच्चा माल विकणाऱ्याच्या हाती कधीच काही राहत नाही, मग तो कापूस असो की समुद्रातलं शेवाळ.

तापीकाठची (जळगाव)

भाव निर्यातदार कंपन्यांच्या खरेदीवर चालतो. खरेदीदार मोजके, त्यामुळे घासाघीस करायला वाव नाही. कंपनीच दोऱ्या-खुंट्या देते आणि माल तिलाच द्यायचा, अशीही पद्धत आहे. आपल्याकडे बियाणं-खतं उधार देणाऱ्या व्यापाऱ्यालाच कापूस घालावा लागतो, तेच.

पुढचं कामही होतंय. पाजेमध्ये शेवाळाची पावडर करून, खोबरेल आणि लवंगेचं तेल घालून साबण बनवणारे बायांचे गट आहेत. त्यांच्याकडे जाऊन काम बघता येतं, त्याचे पैसे घेतात, साबण तिथेच विकतात. किलोभर शेवाळ विकून जे मिळतं त्याच्या कितीतरी पट एका साबणाच्या वडीत मिळतं. जांबियानीत आणखी एक काम बघितलं: समुद्रात दोरीवर स्पंज वाढवतात. अंघोळीचा नैसर्गिक स्पंज. त्याला भाव बरा आहे आणि शेवाळासारखं जड ओझं नाही. हे करणाऱ्यांत एकट्याने घर चालवणाऱ्या बाया आहेत.

कानघसा (धुळे)

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, तेवढ्यापुरतं लिहितो. सर्दी असताना डायव्हिंग करू नका. कान मोकळे होत नसतील तर खाली रेटू नका, थोडं वर या आणि प्रशिक्षकाला खूण करा. पडद्याला भोक पडलेलं असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, दमा असेल, तर जाण्याआधी तपासून घ्या आणि फॉर्मवर खरं लिहा. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्या. परतीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर पाण्यात उतरायचं नाही, असंच धरून चाला.

एक विचारायचं होतं. त्या बाया तासन्‌तास खाऱ्या पाण्यात, वर ऊन, पायाखाली सी अर्चिनचे काटे. त्यांच्या डोळ्यांचं, पाठीचं, पायांचं काय?

तापीकाठची (जळगाव)

पायात रबरी बूट असले तर असले. बऱ्याचजणी जुने मोजे घालतात. पाठदुखीची तक्रार जवळजवळ प्रत्येकीने केली, डोळे चुरचुरतात हेही. दवाखाना आहे, पण कामाचे दिवस ओहोटीवर बांधलेले. उधाणाचे ते मोजके दिवस गेले की पुढच्या अमावस्या-पौर्णिमेपर्यंत थांबावं लागतं. त्या दिवसांत कुणी दवाखान्यात जात नाही.

अक्राणीचा_मास्तर (धडगाव)

धागा वाचतोय. ताईंनी फोटोबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. माझ्या मनात हा विषय फार दिवस आहे.

आमच्याकडे अक्कलकुव्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला आता दूरदूरचे लोक येतात. रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं. आलेल्यांचं आम्ही स्वागतच करतो. पण काहीजण नवसाने बुध्या झालेल्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात, त्याला थांबवतात, पुन्हा नाचायला लावतात. तो माणूस उपास-नेम पाळून, देवाचं म्हणून नाचतोय. फोटो काढणाऱ्याने ना नाव विचारलं, ना गाव. तोरणमाळलाही तसंच. यशवंत तलावाजवळ गाड्या थांबतात, मुलं धावतात, गाडीतून चॉकलेटं फेकली जातात. हो, फेकली जातात. मग मुलं शाळा सोडून गाड्यांची वाट बघायला लागतात. याच मुलांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात. लहानग्यांना सोबत नेतात, थोरली मुलं आजीजवळ राहतात. गाडीतल्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या लेखी मूल म्हणजे दृश्याचा भाग.

म्हणून सांगणं असं. त्या शेवाळाच्या बायांचे वाकलेले फोटो पाठीमागून काढू नका. सोबत कुणी गावातलं घ्या, विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. मुलांना पैसे-चॉकलेटं देऊ नका. द्यायचंच असेल तर तिथल्या शाळेत जाऊन मास्तरांना विचारा काय हवंय. मी मास्तर म्हणून सांगतो, आम्हाला बहुतेक वेळा फार साध्या गोष्टी हव्या असतात.

भुसावळ_जंक्शन

सर, पटलं. माझ्या आधीच्या प्रतिसादात मी सातपुड्याचं उदाहरण दिलं होतं. तिथले तुम्हीच उत्तर दिलंत, बरं झालं.

दारवासी_चोपडेकर

मी मूळ चोपड्याचा, दार-एस-सलामला हिशेबाच्या कामात आहे, झांझिबारला येणं-जाणं असतं. काही गोष्टींची भर घालतो, एका ठिकाणी ताईंशी थोडा मतभेदही.

2022 च्या जनगणनेत झांझिबारची लोकसंख्या 18.9 लाखांच्या आसपास निघाली, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याहून बरीच कमी. 2024 मध्ये पर्यटक आले सात लाखांहून जास्त. आणि 2019-20 च्या कुटुंब खर्च पाहणीनुसार तिथे दर चार माणसांत साधारण एकजण मूलभूत गरजांच्या रेषेखाली. पेंबा बेटावर गरिबी उंगुजापेक्षा, म्हणजे तुम्ही जाता त्या मुख्य बेटापेक्षा, कितीतरी जास्त आहे. लवंग मुख्यतः पेंबात पिकते आणि पर्यटकांचा पैसा उंगुजात येतो.

मतभेद इथे: हॉटेलवाले गावाला काहीच देत नाहीत असं सरसकट म्हणता येणार नाही. नोकऱ्या आहेत. प्रश्न त्या कुणाला मिळतात हा आहे. रिसेप्शन, स्वयंपाकघर, हिशेब, इथे मुख्य भूमीवरून आलेली आणि केनियाची मुलं-मुली जास्त दिसतात, कारण त्यांना इंग्रजी येतं आणि हॉटेलचं शिक्षण झालेलं असतं. गावातल्या मुलाच्या वाट्याला बाग झाडणं, राखण करणं. भाजी, अंडी, फळं यातला मोठा भाग बाहेरून येतो. हॉटेलला रोज एकसारखा माल हवा आणि गावातला शेतकरी एकटा तो पुरवू शकत नाही. जमीन सगळी सरकारी मालकीची, हॉटेलवाल्याला ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे नारळ लावणाऱ्याला झाडांचे पैसे मिळतात, जागा मात्र कायमची जाते.

2020 मध्ये विमानं बंद झाली तेव्हा मी इथेच होतो. पगार थांबले आणि कालपर्यंत पर्यटकांना फिरवणारी पोरं जाळी घेऊन समुद्रात गेली, कित्येक बाया शेवाळाकडे परत वळल्या. म्हणून पर्यटन नको असं इथलं कुणीच म्हणत नाही. त्यांना त्यातला वाटा हवाय.

कामाचं: 1 ऑक्टोबर 2024 पासून झांझिबारमध्ये येणाऱ्या परदेशी माणसाला तिथला विमा घ्यावाच लागतो, मोठ्यांना 44 डॉलर. आधी ऑनलाइन काढा. आणि प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर टांझानियात 2019 पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यांतून आणा. शेव-मुरमुरे जास्त आणा.

तापीकाठची (जळगाव)

चोपडेकर भाऊ, मतभेद मान्य. तुम्ही सांगितलंत ते जास्त बरोबर आहे.

अमळनेरकर_काका

इतिहासाचा निवृत्त शिक्षक. थोडी जुनी गोष्ट सांगतो, कारण आपण तिथे परके पाहुणे नव्हतो कधी.

ज्या ईशान्येच्या वाऱ्यात तुम्ही जानेवारीत पोहणार, त्याला तिथे कास्काझी म्हणतात. त्याच वाऱ्यावर कच्छ-काठियावाडची गलबतं शेकडो वर्षं झांझिबारला जात आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की परतत. एकोणिसाव्या शतकात ओमानी सुलतानाने राजधानी तिथे नेली, लवंगेचे मळे उभे राहिले आणि त्या मळ्यांत गुलाम राबले. मळेवाल्यांना कर्ज देणारे बहुतेक हिंदुस्थानी सावकार. मुंद्र्याचे जयराम शिवजी तर तिथल्या जकातीचे मक्तेदार होते. एके काळी तिथे आपला रुपया चालत असे. गुलामांचा बाजार 1873 मध्ये बंद झाला. त्या जागी आता चर्च आहे. स्टोन टाउनमध्ये, म्हणजे झांझिबार शहराच्या जुन्या भागात, गेलात की नक्षीदार दरवाजे बघालच, पण तिथेही जरूर जा. जानेवारी 1964 च्या क्रांतीत अरब आणि हिंदी लोकांवर जे ओढवलं ते भयंकरच होतं, आणि त्यामागचा राग कुठून आला हे या मळ्यांच्या हिशेबवह्यांतून कळतं.

आज शेवाळाच्या बाया कर्जाऊ दोऱ्या घेऊन ठरलेल्या माणसालाच माल देतात हे वाचलं. ही रीत त्या बेटावर नवी नाही.

साक्रीकर

काका, वाचनखूण साठवली.

माझ्या भागातलं सांगतो. साक्री तालुक्यातलं बारीपाडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने स्वतः जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला दंड, आणि नियम गावानेच केलेले. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यासाठीच. आता वनभाज्यांच्या स्पर्धेला बाहेरचे लोक येतात. बाया रानभाज्या रांधून मांडतात, आलेला माणूस पैसे देऊन जेवतो. तारीख गावाची, ताटाचा दर गावाचा. असं काही त्या बेटावर आहे का? समुद्र गावाने राखलाय असं?

तापीकाठची (जळगाव)

आहे. दोन प्रकार मला माहीत आहेत.

काही किनारी गावं ऑक्टोपस धरणं काही महिने स्वतःहून बंद ठेवतात. ऑक्टोपस भराभर वाढतो. बंदी उठली की पकडलेला जनावर मोठा आणि वजनदार असतो. ओहोटीत पायी फिरून ऑक्टोपस शोधणाऱ्यांत बायाही असतात, त्यामुळे फायदा त्यांच्याही घरी पोहोचतो. राखण गावातलेच लोक करतात.

दुसरं चुंबे बेट. 1994 पासून तिथला प्रवाळ राखीव आहे, मासेमारी पूर्ण बंद. ते खासगी व्यवस्थापनाखाली चालतं, त्यामुळे बारीपाड्यासारखं गावाचं नाही. पण राखणदार म्हणून आधीच्या कोळ्यांनाच घेतलं, आणि पर्यटकांच्या पैशातून झांझिबारच्या शाळांतली मुलं तिथे आणतात. समुद्राच्या कडेला वाढलेल्या कित्येक मुलामुलींनी डोळ्याला गॉगल लावून पाण्यात पहिल्यांदा डोकावलं ते तिथे. सिलिंडर लावून डायव्हिंग तिथे चालत नाही, फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून वर तरंगत खाली बघायचं. आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर प्रवाळ मी तिथेच पाहिला, तोही पृष्ठभागावरून.

केळीबाग (रावेर)

मुलींना पोहायला शिकवतं का कुणी तिथे? शिकल्या तर खोल पाण्यातलं महागडं शेवाळ त्यांना घेता येईल. मोठ्या बायांचं वय झालं असेल, पण पोरींचं काय?

दारवासी_चोपडेकर

भाऊ, नेमका प्रश्न. नुंग्वीकडे मुलींना पोहायला शिकवण्याचे वर्ग झालेत, शिकवणाऱ्या तिथल्याच मुली. अंगभर कपड्यांत पोहायला शिकवतात, त्यामुळे घरच्यांचा विरोध कमी झाला. खोल पाण्यात जाळीच्या नळ्यांत शेवाळ लावण्याचे प्रयोगही झालेत, पण त्याला बोट लागते. बोट घ्यायला भांडवल लागतं. पुन्हा तिथेच येऊन थांबतं.

पिंप्राळा_ग्रुप (जळगाव)

जानेवारीचा ग्रुप म्हणजे आम्हीच. सगळा धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला, बायकोने आणि वहिनींनी तर दोनदा ऐकला. पॅकेजचं फक्त टोकन दिलं होतं, ते सोडून दिलं. आता ठरलंय ते असं: दार-एस-सलामपर्यंत विमान, पुढे फेरी. आधी नुंग्वीला डायव्हिंग, तिथल्या माणसाने चालवलेल्या छोट्या केंद्रातून. नंतर जांबियानीत गावातल्या घरगुती गेस्टहाउसमध्ये मुक्काम. डॉल्फिन रद्द. चुंबेला एक दिवस.

तीन शंका आहेत. छोट्या केंद्राची सुरक्षितता कशी तपासायची? गावात बायकांनी कपड्यांचं काय पाळायचं? आणि साबणाच्या गटाकडे गेलो तर घासाघीस करायची की नाही, कारण वहिनी भाव पाडण्यात पटाईत आहेत.

तापीकाठची (जळगाव)

वाचून फार बरं वाटलं. क्रमाने सांगते.

केंद्रात गेल्यावर प्रशिक्षकाचं कार्ड मागा, ते चालू वर्षाचं आहे का बघा. एका प्रशिक्षकामागे किती नवखे असतील ते विचारा, चारपेक्षा जास्त म्हणाले तर दुसरीकडे जा. बोटीवर ऑक्सिजनची टाकी आणि रेडिओ आहे का ते डोळ्यांनी बघा. विचारल्याचा राग आला तर तिथून उठा. छोटं असो की मोठं, नियम हेच.

गावात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. जवळजवळ सगळी वस्ती मुस्लिम आहे. पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच. पंजाबी ड्रेस आणि ओढणी असली की बाया लगेच जवळ येऊन बोलतात, हा माझा अनुभव.

आणि वहिनींना सांगा, स्टोन टाउनच्या बाजारात हवी तेवढी घासाघीस करा, तिथल्या दुकानदारांना सवय आहे. साबणाच्या बायांकडे नको. तिथला दर त्यांनी एकत्र बसून ठरवलेला असतो. फेरीच्या तिकिटाचं चोपडेकर भाऊंना विचारा. वर्ग वेगवेगळे आहेत आणि परदेशी माणसाला दर डॉलरमध्ये लागतो.

दारवासी_चोपडेकर

फेरीला साधारण दोन तास लागतात. पोटात ढवळत असेल त्यांनी खालच्या मजल्यावर, मधोमध बसावं. बंदरावर सामान उचलायला माणसं अंगावर येतात, आधी दर ठरवूनच बॅग द्या. तारीख कळवा, मी धक्क्यावर येतो. येताना खान्देशी वांग्याच्या भरीतासाठी हिरवी वांगी आणायचा मोह आवरा, ताजी भाजी विमानतळावर काढून घेतात. कळण्याचं पीठ मात्र आणा.